कच्चा नमुना

दिवाळीच्या आधीं आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरांत एक छोटासा विधि होत असतो, आणि त्यास आम्हांस दरवर्षीं अगत्यपूर्वक पाचारण करण्यांत येतें. भाजणीचें पीठ भिजलेलें असतें, कढईंतलें तेल तापलेलें असतें, सोऱ्या मात्र अद्याप फळीवरच असतो. सौभाग्यवती परातींतून सुपारीएवढा गोळा उचलतात, दोन बोटांनीं जरा चेपून तेलांत सोडतात, आणि तो तांबूस झाला कीं बशींत घालून आमच्यापुढें ठेवितात. त्या पदार्थास चकली म्हणण्यास कोणीही धजणार नाहीं. त्याला ना वेढे, ना कांटे. पाहुण्यापुढें तो ठेविला तर यजमानाविषयीं त्याचा कांहीं बरा ग्रह होणार नाहीं. लग्नानंतरच्या एका दिवाळींत आम्ही तसें बोलूनही गेलों होतों. “अहो, दिसते कशी हें कोण विचारतें आहे? मीठ बरोबर आहे का सांगा, आणि मोहन कमी पडलें असेल तर तें सांगा,” असें उत्तर मिळालें, तेव्हांपासून विचारलें असेल तेवढेंच आम्ही सांगत आलों आहों.

त्यानंतर दुसरी परीक्षा होते, आणि तिच्यांत आमचें काम नसतें. सोऱ्यांत थोडें पीठ भरून कागदावर एक चकली पाडली जाते. ती तुटत तुटत पडली तर पिठाला पाण्याचा हबका मिळतो. कांटा सुबक आला तर ती तशीच मोडून पुन्हां पिठांत जाते. ही दुसरी चकली कोणी तळीत नाहीं कीं चाखीत नाहीं. पहिल्या खेपेस चव पाहावयाची होती, म्हणून आकाराकडे काणाडोळा केला. दुसऱ्या खेपेस आकार पाहावयाचा, म्हणून चवीची विचारपूस नाहीं. घरच्या, शेजारच्या आणि कन्येच्या मैत्रिणींकडे जावयाच्या सर्व डब्यांचें भवितव्य अशा रीतीनें दोन अर्धवट वस्तूंवरून ठरून जातें, आणि तें क्वचितच चुकतें.

शिंप्याची रीतही हीच. कोट बेतल्यावर तो धांवदोऱ्यानें जोडून, गुंड्या-काज्यांशिवाय, कधीं एका बाहीनिशींच आमच्या अंगावर चढवितो, आणि त्यावर खडूच्या रेघा ओढतो. टांका कच्चा असतो म्हणून तो उसवण्यास त्याचा हात कचरत नाहीं, आणि खांदा ओढतो आहे हें सांगण्यास आमची जीभ कचरत नाहीं. त्याच कोटास अस्तर, गुंड्या, इस्त्री असे सर्व संस्कार होऊन तो आमच्यापुढें आला असता, तर “ठीक आहे” असें म्हणून आम्हीं तो जन्मभर अंग आंखडून वापरला असता. असे दोन कोट आमच्या कपाटांत आहेतही.

एकादी वस्तु प्रत्यक्ष घडविण्यापूर्वीं तिचा नमुना करून पाहावा, हें सर्वांस मान्य आहे. परंतु तो नमुना कितपत पुरा करावा, त्यांत कोणता तपशील ठेवावा आणि कोणता खुशाल सोडून द्यावा, याचा विचार चकल्या करणाऱ्या बायका आणि कोट शिवणारे शिंपी जितका करतात तितका आम्ही सुशिक्षित मंडळी करीत नाहीं, असें अनुभवांतीं आमचें मत झालें आहे. हा अनुभव आम्हांस एका घराच्या निमित्तानें आला, आणि त्याची किंमत आमच्यापेक्षां आमच्या आईनें अधिक दिली.

२०१६ सालीं, शहराबाहेर घेऊन ठेविलेल्या लहानशा जागेवर घर बांधावयाचें आम्हीं ठरविलें. आईस तेव्हां अठ्ठ्याहत्तरावें लागलें होतें. तिला जिना चढावा लागूं नये म्हणून तिची खोली तळमजल्यावर, आणि खोलीला लागूनच तिचें स्वतंत्र न्हाणीघर, अशी योजना आम्हीं आरंभींच सांगून ठेविली होती. आणि आपल्या दूरदृष्टीचें आम्हांस मनांतल्या मनांत थोडें कौतुकही वाटत होतें. आर्किटेक्ट तरुण, हुशार व मनाचे सरळ गृहस्थ होते. त्यांनीं प्रथम नकाशा आणला: मोठ्या कागदावर बारीक रेघा, बाण आणि फुटां-इंचांचे आंकडे. आईनें चष्मा लावून तो नीट न्याहाळला, “हें देवघर कीं जिना?” असें विचारलें, आणि तो आमच्या हातीं परत दिला. आम्हांसही त्यांतलें फारसें उमगलें नव्हतें. पण तीन पदव्या पदरीं असलेल्या मनुष्यास तसें म्हणतां येत नाहीं.

पंधरा दिवसांनीं ते संगणक घेऊन आले, आणि त्याच्या पडद्यावर आमचें घर उभें राहिलें. तिसऱ्या प्रहरचें ऊन तिरपें होऊन बैठकीच्या फरशीवर पडलें होतें. खिडकीचा पडदा वाऱ्यानें किंचित् फुगला होता. बाहेर बोगनवेल होती, आणि आंत टेबलावर चहाचा पेला होता. त्यांतून वाफसुद्धां निघत होती. चित्र हवें तसें फिरवितां येत होतें, दारांतून आंत जातां येत होतें. धाकटे बंधु त्या दिवशीं सहकुटुंब आले होते. दोन तास सर्व मंडळी त्या घरांत हिंडली. पडदे फिके असावेत कीं गडद, यावर भावजय व सौभाग्यवती यांचा मतभेद झाला. कन्येनें बोगनवेलीऐवजीं जाई सुचविली. आम्हीं स्वतः पुस्तकांच्या कपाटांस कांच असावी असा आग्रह धरिला, आणि तीं कपाटें तेथल्या तेथें कांचेचीं झालीं. आर्किटेक्टांनीं एकंदर अकरा सूचना टिपून घेतल्या. पुढें एकदां ती यादी आमच्या हातीं आली, तेव्हां तिच्यांतील एकही सूचना भिंतीला, दाराला किंवा मापाला स्पर्श करणारी नव्हती असें आढळलें. शेवटीं आईस विचारलें, ती म्हणाली, “छान आहे हो.”

घर २०१८ सालीं पुरें झालें, आणि तें चित्राबरहुकूम झालें, हें सांगितलें पाहिजे. पुढच्याच वर्षीं आषाढांत आई अंगणांत घसरून पडली आणि तिच्या मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. महिन्याभरांत ती वॉकर धरून खोलींत चालूं लागली. आणि मग त्या स्वतंत्र न्हाणीघराची खरी ओळख आम्हांस पटली. दार सव्वादोन फुटांचें. चौकट वजा जातां उरलेल्या जागेंतून वॉकर सरळ जाईना, तिरपा करावा लागे, आणि तिरपा वॉकर म्हणजे नव्यानें चालूं लागलेल्या मनुष्यास वॉकर नसल्यासारखाच. दार आंतल्या बाजूस उघडे, आणि तें हात धुण्याच्या भांड्यावर आदळे. कसेंबसें आंत जावें, तर वॉकर दाराच्या वाटेंत उभा, म्हणून दार लावतां येईना. शेवटीं तें उघडेंच ठेवून बाहेर एक पडदा लाविला, फिका, भावजयीच्या पसंतीचा. आणि त्या पडद्याशीं कोणीतरी उभें राहूं लागलें.

आमच्या आईनें तीस वर्षें शाळेंत शिकविण्याचें काम केलें आहे. उभ्या आयुष्यांत तिनें आपल्या हातची पिशवी दुसऱ्यास उचलूं दिली नाहीं. तिनें तक्रार अशी केली नाहीं. भाद्रपदांत तिला ताप येऊं लागला, लघवीस जळजळ होऊं लागली. डॉक्टरांनीं तपासून, “आजी, दिवसांत पाणी किती पितां?” असें विचारलें, तेव्हां उलगडा झाला. त्या पडद्यामागें जाण्याचे प्रसंग कमी यावेत म्हणून तिनें पाणी पिणेंच तोडलें होतें. दोन महिने आम्ही तिच्या उशाशीं तांब्या भरून ठेवीत होतों, आणि सकाळीं तो तसाच भरलेला असे. आम्हांस वाटे, कोणीतरी पुन्हां भरून ठेविला असावा.

ती बरी झाल्यावर एके रात्रीं आम्हीं तिला विचारलें, “आई, घराचें चित्र दाखविलें तेव्हां तूं कांहींच कशी बोलली नाहींस?”

“दार लहान दिसलें होतें मला,” ती म्हणाली. “म्हटलें, असेल आतां तशी पद्धत. अरे, तें तर झालेलेंच दिसत होतें. झालेल्या घराला नांवें कशाला ठेवायचीं?”

या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. चित्रांत असत्य असें कांहींच नव्हतें. दार त्यांतही सव्वादोन फुटांचेंच होतें. परंतु घर कसें दिसेल, या प्रश्नाचें उत्तर तें इतक्या मोठ्या आवाजानें देत होतें कीं, आई त्यांत कशी हिंडेल-फिरेल, हा प्रश्न कोणास ऐकूंच आला नाहीं. शिवाय पुरी झालेली वस्तु ही कोणाच्या तरी कष्टांची साक्ष असते, आणि सभ्य मनुष्य कष्टांचा मान राखतो. आमच्या पिढीपर्यंतच्या बायकांस तर पानांत वाढलेल्या पदार्थास नांवें ठेवूं नयेत असेंच वळण लाविलेलें आहे. आणि त्या चहाच्या पेल्यांतली वाफ! ज्यानें वाफेचासुद्धां विचार केला त्यानें दाराचा केला नसेल, असें कोणाच्या मनांत यावें?

आर्किटेक्टांस आम्ही दोष देत नाहीं. जें मागितलें तें त्यांनीं दिलें, आणि चित्र पाहून आमचे डोळे दिपले तेव्हां त्यांनींही तें पसंतीचें चिन्ह समजावें यांत गैर कांहीं नाहीं. शिवाय हें कांहीं संगणकानें आणलेलें नवें दुखणें नव्हे. इटलींतील आल्बेर्ती यानें पंधराव्या शतकाच्या मध्यास वास्तुविद्येवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला. तो १४८५ सालीं छापून निघाला. त्यांत त्यानें स्वच्छ सांगितलें आहे कीं, रंग देऊन नटविलेला नमुना पाहणाराचे डोळे मोहवितो आणि मूळ योजनेच्या परीक्षेवरून त्याचें लक्ष उडवितो. यासाठीं नमुना साधा व उघडा असावा, त्यांत योजकाची बुद्धि दिसावी, नमुना करणाऱ्या कारागिराचें कसब नव्हे. आमच्या आर्किटेक्टांनीं आल्बेर्ती वाचला नसेल. आम्हीं मात्र वर्गांत त्याच्यावर व्याख्यान दिलेलें आहे. तेव्हां दोष कोणाकडे अधिक जातो हें वाचकांनींच ठरवावें.

ख्रिस्तोफर रेन याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि म्हणून आम्हांस ती अधिक आवडते. १६६६ च्या आगींत लंडनचें जुनें सेंट पॉल देवालय जळालें, आणि नव्याची योजना रेनकडे आली. त्यानें १६७३-७४ सालीं ओक लांकडाचा एक प्रचंड नमुना करविला. उंची सुमारें १३ फूट, लांबी २० फुटांहून अधिक. कोरीव कामासकट सर्व तपशील त्यांत आणलेला. खर्च सुमारें ६०० पौंड झाला, म्हणजे त्या काळीं लंडनमध्यें एक चांगलें घर येऊं शकलें असतें. हा नमुना अजून त्या देवालयांत जपून ठेविलेला आहे. पण तो नापसंत झाला. धर्माधिकाऱ्यांस तो आपल्याकडील परंपरागत देवालयासारखा वाटेना. दुसरी अडचण अगदीं व्यवहारी होती: सर्व रचना मधल्या घुमटाभोंवतीं एकवटलेली असल्यामुळें, एक भाग आधीं बांधून त्यांत उपासना सुरू करावी आणि पैसा येईल तसतसें पुढें जावें, ही सोय तींत नव्हती.

रेनच्या मुलानें जुळविलेला कुलवृत्तांत त्याच्या नातवानें १७५० सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें नमूद आहे कीं, या प्रकारानंतर नमुने करावयाचे नाहींत व आपलीं चित्रें चारचौघांत मांडावयाचीं नाहींत असा रेननें निश्चय केला. कारण त्यांत वेळ फुकट जातो आणि अनधिकारी लोक न्यायाधीश होऊन बसतात. रेनविषयीं आम्हांस अत्यंत आदर आहे, तथापि येथें त्याचा पक्ष आम्हांस घेतां येत नाहीं. देवालय तुकड्यातुकड्यांनीं बांधतां येईल का, या प्रश्नाला ओक लांकडाची गरज नव्हती. कागदावर चार रेघा ओढून तो प्रश्न विचारतां आला असता, आणि उत्तर मिळण्यास एक सकाळ पुरली असती. धर्माधिकाऱ्यांस कलेंतलें कळत नसेल, पण पैसा हप्त्याहप्त्यानें येतो हें त्यांस पक्कें कळत होतें.

पुढें १६७५ सालीं रेननें दुसरी योजना पुढें केली. ती आज पाहिली तर हा तोच रेन का, असा संशय यावा. बुटका घुमट, आणि त्याच्यावर एक अणकुचीदार मनोरा कसाबसा बसविल्यासारखा. राजानें तिला मंजुरी दिली, आणि मुख्य गाभ्यास धक्का न लावतां सजावटींत योग्य दिसेल तो फेरफार करण्याची मुभाही दिली. त्या मुभेचा अर्थ रेननें इतका ऐसपैस केला कीं, १७११ सालीं पुरें झालेलें देवालय आणि मंजूर झालेली योजना यांच्या वरच्या भागांत साम्य शोधूं गेल्यास तें हातीं लागत नाहीं. कच्चेपणाचा हा उपयोग मोठ्या चतुराईचा खरा. परंतु त्यास सरळपणा म्हणवत नाहीं. पुरा नमुना पाहणारास गप्प बसवितो, तसा अपुरा नमुना त्याला फसवूंही शकतो. देवालय सुंदर झालें, म्हणून कोणी जाब विचारला नाहीं इतकेंच.

आमच्या धंद्यांतही याचा प्रत्यय येतो. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी पूर्वीं चार पानें हातानें खरडून आणी, आणि “हा मुद्दाच चुकला आहे” असें आम्ही त्याच्या समासांत बेधडक लिहीत असूं. आतां तो पहिल्याच भेटींत प्रकरणें, अनुक्रमणिका, तळटीपा यांसह सर्व छापून आणि वर बांधून आणतो. असें बाड हातीं आलें कीं आमची लेखणी आपोआप स्वल्पविरामांकडे वळते. मुद्दा चुकलेला असतोच. पण एवढें सर्व झाल्यावर तो चुकला आहे असें म्हणण्यास मन घेत नाहीं. हल्लीं आम्ही सांगतों कीं, पहिल्या भेटीस एकच पान आणा, आणि तें शाईनें लिहिलेलें आणा. विद्यार्थ्यांस ही म्हाताऱ्याची लहर वाटते.

कच्चें तें चांगलें, असा मात्र नियम करूं गेल्यास फसगत होईल. आमच्या घराच्या सर्व नमुन्यांत कच्चा होता तो तो रेघांचा नकाशा, आणि आईस त्यांतलें देवघरसुद्धां ओळखतां आलें नाहीं. जाणत्यास त्या रेघांत सर्व कांहीं दिसतें; ज्याला त्या घरांत राहावयाचें त्याला त्या मुक्या असतात. नमुन्यांत कांहीं तरी खरें असावेंच लागतें. काय खरें ठेवावयाचें, हीच तेवढी विचाराची गोष्ट.

जेफ हॉकिन्स या अमेरिकन गृहस्थानें खिशांत मावणारा संगणक योजिला, तेव्हां त्यानें आधीं त्या मापाचा एक लांकडाचा ठोकळा केला, आणि तो सदऱ्याच्या खिशांत घालून तो हिंडूं लागला. कोणी भेटीची वेळ ठरवूं लागलें कीं, ठोकळा बाहेर काढावयाचा आणि काडीनें त्यावर लिहिल्याचें सोंग करावयाचें. पाहणारांस काय वाटलें असेल तें असो. त्या ठोकळ्यांत तार नाहीं, दिवा नाहीं, अक्कल तर नाहींच. माप तेवढें खरें. पण प्रश्नही तेवढाच होता: ही वस्तु मनुष्य जवळ बाळगील का, आणि दिवसांतून कोणकोणत्या वेळीं बाहेर काढील? १९९६ सालीं तें यंत्र ‘पायलट’ या नांवानें बाजारांत आलें व चांगलें खपलें.

उलटपक्षीं, कधीं मापच खोटें करावें लागतें. पुण्याजवळ खडकवासल्यास जल व विद्युत् संशोधनाचें केंद्र आहे. त्याची स्थापना १९१६ सालची. नद्या, बंदरें, धरणें यांच्या प्रतिकृति करून तेथें पाण्याची चाल तपासली जाते. एकदां विद्यार्थ्यांबरोबर तेथें जाण्याचा योग आला असतां, प्रथमदर्शनीं आमची निराशा झाली. किनाऱ्यावर झाड नाहीं, घर नाहीं, रंग नाहीं. दिवाळींत किल्ला करणारीं मुलें याहून अधिक हौस करतात. आणि अशा प्रतिकृतींत पुष्कळदां खोली रुंदीच्या मानानें मुद्दाम वाढविलेली असते, हें ऐकून तर आम्ही चकितच झालों. कारण समजल्यावर पटलें. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनल्ड्स यानें १८८५ सालीं मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृति केली. तींत आडवें माप मैलाला २ इंच, आणि उभें माप ८० फुटांना १ इंच असें होतें. म्हणजे खोली ३३ पटींनीं वाढविलेली. आडव्या मापानेंच खोलीही धरली असती तर ८० फूट पाणी इंचाच्या तेहतिसाव्या भागाएवढें झालें असतें, आणि त्या ओलाव्यांत भरती-ओहोटी ती कसली पाहावयाची? पाणी पाण्यासारखें वागावें म्हणून नदी नदीसारखी दिसूं नये, हें त्यानें पत्करलें. आमच्या सौभाग्यवतींस ही गोष्ट सांगितली तेव्हां त्यांस तिच्यांत विशेष असें कांहींच वाटलें नाहीं.

आतां न्हाणीघराकडे परत वळूं. २०१९ च्या आश्विनांत भिंत फोडावयाचें ठरलें. आर्किटेक्टांनीं, बातमी ऐकून खरोखरच वाईट वाटून, नवें चित्र विनामूल्य करून देण्याची तयारी दाखविली. आम्हीं त्यांचे आभार मानले आणि गांवांतल्या एका वृद्ध मिस्त्रींस बोलाविलें. आम्हीं त्यांच्यापुढें जुना नकाशा पसरला. त्यांनीं त्यावर आपली चुन्याची पिशवी ठेविली. “आजी चालत्या हायेत न्हवं? मग त्यास्नीच आणा की अंगणात,” ते म्हणाले.

अंगण झाडून घेऊन त्यांनीं दोरी धरली आणि जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या: खऱ्या मापाच्या, तसूभर कमी नाहीं कीं जास्त नाहीं. रेघांवर विटांचे दोन थर नुसते कोरडे रचले. कमोडाच्या जागीं प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, हात धुण्याच्या भांड्याच्या जागीं दोन विटांवर घमेलें पालथें घातलें, आणि दार म्हणून एक फळी भिंतीला टेकून उभी केली. कोणाही पाहुण्यास तें मुलांचें घरकुल वाटलें असतें. त्या घरकुलांत आई वॉकर टेकीत शिरली, आणि जी दोन वर्षांत बोलली नव्हती ती बोलूं लागली.

पहिल्या पांच मिनिटांत तिनें एक भिंत हातभर मागें सरकविली; वॉकरचें टोक विटांवर आपटून, “ही इथें नको.” घमेलें डावीकडून उजवीकडे गेलें, कारण बसून उठतांना तिचा डावा हात आधाराला हवा होता. तो हात तिनें हवेंत जेथें धरला तेथें मिस्त्रींनीं बांबू उभा करून खूण केली. आधाराची दांडी त्या उंचीवर बसावयाची. दार बाहेर उघडावें. पण बाहेर उघडलें तर पलंगाच्या पायथ्याशीं अडतें, म्हणून तें सरकतें असावें, हें तिलाच सुचलें. उंबरा काढून टाका. दिव्याचें बटण आंत शिरण्याच्या आधीं हाताला लागलें पाहिजे. लुगडें ठेवावयाची खुंटी इतकी उंच कोणासाठीं? आम्ही टिपून घेत होतों, तर तिनें मान वळवून, “उंचीही लिही, नुसतें खुंटी लिहूं नकोस,” असें फर्माविलें. तिच्या जुन्या विद्यार्थिनींनीं तो आवाज तत्काळ ओळखला असता. तीन वर्षांपूर्वीं अकरा सूचना करणारी आमची मंडळी ओटीवर निमूट उभी होती. विटा कोरड्या होत्या; सांगावें आणि त्या हलाव्या. कोणाच्या कष्टांचा अपमान होण्याची भीति तेथें नव्हती.

एक गोष्ट फक्कीच्या रेघांत कळण्यासारखी नव्हती. ती म्हणजे फरशीचा निसरडेपणा. तेव्हां मिस्त्रींनीं दुकानांतून चार प्रकारच्या एकेक फरश्या मागवून अंगणांत ओळीनें मांडल्या, त्यांवर साबणाचें पाणी ओतलें, आणि एका बाजूनें आम्ही व दुसऱ्या बाजूनें कन्या असा आधार देऊन आईस त्यांवर अनवाणी उभें केलें. येथें न्हाणीघर नाहीं, भिंत नाहीं, माप नाहीं. फरशी खरी, पाणी खरें, आणि तिचा पाय खरा. तिसऱ्या फरशीवर तिनें पाऊल दोनदां घांसून पाहिलें आणि मान हलविली. त्या फरशीचा रंग वाळलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा आहे. चित्रांत तो घरांतील एकाही माणसानें पसंत केला नसता, आणि भावजयीनें तो अद्यापही केलेला नाहीं.

काम बारा दिवसांत उरकलें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून, वेळप्रसंगीं बाहेरूनही उघडतां येईल अशी कडी आम्हीं बसवून घेतली; ती आईस दाखविली नाहीं. पहिल्या दिवशीं ती वॉकर घेऊन एकटी आंत गेली, दार सरकलें, आणि आंतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर तसेच उभे होतों. सौभाग्यवतींनीं आम्हांस तेथून निघून जाण्याची खूण केली.